विमानाचं इंजिनिअरिंग: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण २०२५ च्या प्रवेशाचं आहे. विद्यार्थिनी सोलापूरच्या पूर्व भागातली, राज्य मंडळाची, बारावी विज्ञान. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अकरावीपासून पुस्तकं इंग्रजी. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारे. आई विड्या वळते. मी या मुलीला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि प्रवेशाच्या सगळ्या धावपळीत या घराबरोबर होते. घरच्यांची संमती घेऊन लिहिते आहे. नाव, गल्ली आणि कॉलेज मुद्दाम गाळलं आहे.

एरोस्पेसला जायचं म्हणणारी मुलं आमच्याकडे दरवर्षी असतात. त्यांची घरं लगेच "कॉलेज कुठलं, फी किती" यावर येतात. विमानात किंवा रॉकेटमध्ये तुला नेमकं काय करायचं आहे, हा त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो. माझ्या मते प्रवेशाची सगळी दिशा त्या एका उत्तरावर ठरते. या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न वेळेवर विचारला गेला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

ओढ कुठून आली

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात कृत्रिम पावसाचे शास्त्रीय प्रयोग केले. विमान ढगाच्या तळाशी जायचं आणि पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण ढगात सोडायचं. ही मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेतून नुकती वरच्या वर्गात गेलेली. पावसाची वाट बघणाऱ्या गावात ढगाखाली घिरट्या घालणारं विमान दिसलं, तर मुलं बघणारच. तिने ते डोक्यात ठेवलं. अकरावीत एकदा तास संपल्यावर थांबून तिने विचारलं, "मॅडम, ढगात हवा वर-खाली ओढत असती, मग विमान सरळ कसं राहतं?"

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. झोत लागून विमानाचं नाक वर गेलं, की शेपटीच्या आडव्या पंखावरचं उत्थापक बल वाढतं आणि ते नाक परत खाली आणतं. त्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य एका ठरावीक बिंदूच्या पुढे असावा लागतो. तो मागे सरकला तर उलट होतं, नाक वर गेलं की आणखी वर जात राहतं. मग मी तिला तेजसबद्दल सांगितलं. हे लढाऊ विमान चपळ वळावं म्हणून मुद्दामच अस्थिर ठेवलेलं आहे आणि संगणक दर क्षणी दुरुस्ती करत असल्यामुळे ते हवेत टिकतं. हे ऐकल्यावर ती आठवडाभर त्याच विषयावर होती. दुसऱ्या मुलांना इंजिनाची आग आवडते, कुणाला रॉकेटचा आवाज. हिला विमान सावरतं कसं हे हवं होतं. ही नोंद मी तेव्हाच मनाशी करून ठेवली, कारण पुढे तिचा उपयोग होणार हे दिसत होतं.

घरात काय समज होते

दहावी-बारावीच्या घरांत विमान म्हटलं की तीन वेगळी कामं एकत्र होतात. एक, विमान चालवणारा वैमानिक. दोन, विमानाची देखभाल करून ते उड्डाणाला योग्य आहे अशी सही करणारा परवानाधारक अभियंता. याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. तीन, विमान किंवा रॉकेटची रचना, गणित आणि चाचण्या करणारा एरोस्पेस अभियंता, ज्याला विद्यापीठाची चार वर्षांची पदवी लागते. या मुलीच्या मावशीला उंची आणि चष्म्याची काळजी लागली होती. चष्म्यामुळे बीटेकला कोणी नाही म्हणत नाही, हे आधी समजावून सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड गोष्ट विमानतळामुळे झाली. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं अडून होता. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. नेमकी तीच वेळ प्रवेशाची. "विमानतळ झाला, आता पोरांना इथंच नोकऱ्या" असं सांगत एका देखभाल प्रशिक्षण संस्थेचा माणूस पेठांमधून फिरत होता. बारावीचे गुण चालतील, प्रवेश परीक्षा नको, फी हप्त्याने, आणि शेवटी "एरोनॉटिकल इंजिनिअर".

वडिलांना ते पटलं होतं आणि त्यामागे त्यांचा विचार होता. ते म्हणाले, "मॅडम, माझंच काम की ओ, फक्त मागाच्या जागी विमान. ह्यात कमीपणा काय हाय?" कमीपणा अजिबात नाही. देखभालीचा परवाना मिळवायला अवघड परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही लागतं आणि ती सही फार जबाबदारीची असते. पण मुलीला हवं होतं ते काम हे नव्हे. शिवाय देखभालीचा अभ्यासक्रम आणि बीटेक यांत गल्लत करून पैसे भरले, की नंतर एमटेकला किंवा इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदाला अर्ज करताना दार बंद दिसतं. मी वडिलांना एवढंच सांगितलं, की त्या माणसाकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: शेवटी पदवी मिळते की प्रमाणपत्र, आणि पदवी असेल तर ती कुठल्या विद्यापीठाची. तो माणूस पुन्हा आला नाही.

दारं किती आणि कुठली

भारतात एरोस्पेसच्या पदवीसाठी हेतुपत्र, निबंध, मुलाखत असं सहसा काही नसतं. परीक्षेचा क्रमांक, कागदपत्रं आणि पर्यायांची यादी यांवरच सगळं चालतं. म्हणून यादी भरणं हाच खरा अर्ज.

पहिलं दार जोसा, म्हणजे केंद्राच्या संस्थांमधल्या जागा वाटणारी सामायिक प्रवेश प्रक्रिया. यात आयआयटी, एनआयटी, शिबपूरची आयआयईएसटी आणि केंद्राच्या निधीवरच्या इतर काही संस्था येतात. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर या जुन्या आयआयटींत एरोस्पेस आहे; कानपूरला तर संस्थेची स्वतःची धावपट्टी आहे. आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड लागते, बाकीच्यांना जेईई मेनचा क्रमांक चालतो. शिबपूर आणि चंडीगडचं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज इथे एरोस्पेस मेनवर मिळतं, हे आमच्या भागात फारसं कोणाला ठाऊक नसतं.

दुसरं दार तिरुवनंतपुरमची आयआयएसटी. २००७ मध्ये अंतराळ विभागाने सुरू केलेली ही संस्था जेईई अॅडव्हान्स्डचाच क्रमांक बघते, पण ती जोसात नाही. तिचा अर्ज वेगळा, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, वेगळ्या मुदतीत. "जोसात भरलंय ना, मग झालं" म्हणून दरवर्षी कुणीतरी हे दार गमावतं. आणखी एक गैरसमज असा, की तिथे प्रवेश म्हणजे इस्रोत नोकरी पक्की. ठरावीक गुणांची अट आणि त्या वर्षी इस्रोकडे असलेल्या जागा, दोन्ही जुळल्या तरच ते होतं.

तिसरं दार राज्याची कॅप, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, एमएचटी-सीईटीच्या गुणांवर. तिथे एरोनॉटिकलच्या जागा थोड्या. पण मेकॅनिकल भरपूर, आणि आमच्या भागातल्या हुशार मुलांची नजर सांगलीच्या वालचंद महाविद्यालयावर आणि पुण्याच्या सीओईपीवर असते. चौथं दार खासगी विद्यापीठांचं. तिथे एरोस्पेस सहज मिळतं, अडचण पैशाची. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्याने जी पूर्ण फीमाफी वाढवली आणि मागास प्रवर्गांना आधीपासून जी सवलत आहे, ती कॅपमधून घेतलेल्या जागेवर मिळते. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. हैदराबादच्या एका नातेवाइकाने तिकडच्या एका खासगी कॉलेजचं नाव सुचवलं होतं. विड्यांच्या आणि जॉबरकीच्या मिळकतीवर चार वर्षांची ती फी म्हणजे घर गहाण. केवळ शाखेच्या नावासाठी असं कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे आणि मी ते त्यांच्या घरात बसून स्पष्ट सांगितलं.

कागद

गुणांपेक्षा जास्त घरं कागदांवर अडतात, म्हणून हा भाग नीट सांगते.

या मुलीची जात राज्याच्या यादीत विशेष मागास प्रवर्गात, केंद्राच्या यादीत ओबीसीत. घरात राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला होता आणि त्याची मुदत बाकी होती. नेटकॅफेवाला म्हणाला, हाच चालतो. कॅपला चालतो. जोसाला आणि आयआयएसटीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की सेतूसमोर रांगा लागतात आणि प्रांत कार्यालयात अर्ज साचतात. या मुलीचा अर्ज एप्रिलमध्येच टाकला होता, त्यामुळे ५ मेला निकाल लागला तेव्हा दाखला हातात होता.

कॅपची गंमत उलटी: तिथे जात वैधता प्रमाणपत्र लागतं, जे केंद्राच्या प्रवेशात मागत नाहीत. त्याचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे गेला होता. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आजोबांच्या जुन्या नोंदीवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रात बराच काळ गेला. पूर्व भागातल्या अनेक घरांत हे होतं, कारण तेलुगू नावं मराठी शाळेत ऐकू आली तशी लिहिली गेली आहेत. ज्यांची मुलं आज दहावीत आहेत त्यांनी आताच सगळे कागद शेजारी ठेवून स्पेलिंग तपासावं.

निकाल आणि यादी

जेईई मेनला तिचं पर्सेंटाइल ९७ च्या वर आलं. अॅडव्हान्स्ड १८ मेला झाली, निकाल २ जूनला. ती पात्र ठरली, पण क्रमांक जुन्या आयआयटींच्या एरोस्पेसला पुरणारा नव्हता आणि आयआयएसटीलाही पोचणार नाही असंच दिसत होतं. तरी आयआयएसटीचा अर्ज भरला. क्रमांक लागणार नाही अशी शंका आहे म्हणून दार आपणच बंद करायचं नाही.

खरा वाद जोसाची यादी लावताना झाला. शिक्षकांच्या खोलीत दोन मतं पडली. माझे गणिताचे सहकारी म्हणत होते, एनआयटीचं मेकॅनिकल शिबपूरच्या एरोस्पेसच्या वर ठेवा. नोकऱ्या जास्त, आणि पुढे एमटेकला एरोस्पेस करता येतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. इस्रोच्या भरतीत मोठा भाग मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या पदवीधरांचा असतो. त्यांनी उदाहरणही जवळचं दिलं: आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या मोटारींची कवचं बनतात. चंद्रयान-३ ला नेणाऱ्या रॉकेटच्या बाजूला जे दोन जाड बूस्टर होते, त्या प्रत्येकात दोनशे टनांच्या आसपास घन इंधन असतं, आणि ते जळताना होणारा दाब सोसणारं मॅरेजिंग नावाच्या खास पोलादाचं कवच घडवणं, जोडणं, तपासणं हे मेकॅनिकल आणि धातुशास्त्राचंच काम. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ते गाव आहे, त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांनीच १९४० मध्ये बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली, जी आज एचएएल आहे. म्हणजे सोलापूरच्या मुलाला विमानाशी नातं जोडायला शाखेचं नाव एरोस्पेसच हवं असं नाही.

हे सगळं मान्य करूनही मी दुसऱ्या बाजूला होते, आणि कारण तो अकरावीतला प्रश्न. एरोस्पेसच्या पदवीत मुख्यतः वायुगतिकी (हवेचा प्रवाह आणि त्याची बलं), संरचना, प्रणोदन (इंजिनं) आणि उड्डाण यांत्रिकी-नियंत्रण हे विषय येतात. पहिल्या तिन्हींचा बराचसा पाया मेकॅनिकलमध्ये तयार होतो. चौथा, म्हणजे विमान सावरतं कसं, वळतं कसं, त्याला संगणकाने कसं धरून ठेवायचं, हा मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात जवळजवळ नसतो. या मुलीला तोच हवा होता. इंजिनात किंवा पोलादात रमणारं मूल असतं, तर मी सहकाऱ्यांच्या बाजूने बोलले असते.

शेवटी आम्ही दोघांनी आपापलं मत तिच्यासमोर मांडलं आणि यादी तिने लावली. आयआयटींचं एरोस्पेस वर, मग चंडीगड आणि शिबपूरचं एरोस्पेस, मग नागपूरच्या व्हीएनआयटीचं मेकॅनिकल, मग इतर एनआयटींत मेकॅनिकल आणि धातुशास्त्र. जोसाच्या यादीत "हे मिळणारच नाही" म्हणून वरचे पर्याय गाळायचे नसतात. वर ठेवल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही.

जुलै

त्याआधी जूनमध्ये, जोसाच्या पहिल्या फेरीत दूरच्या एका एनआयटीत धातुशास्त्र मिळालं. ती जागा मुदतीत स्वीकारून शुल्क भरलं नाही तर माणूस प्रक्रियेतूनच बाहेर पडतो. पैसे आईने भिशी उचलून दिले. स्वीकारताना तीन पर्याय असतात: फ्रीज म्हणजे हीच जागा पक्की, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरची शाखा चालेल, फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं कुठलंही चालेल. तिने फ्लोट निवडला. घरच्यांना भीती होती, की फ्लोट केलं तर हातातली जागा जाईल. वरची मिळाली तरच खालची सुटते, हे वडिलांना कागदावर खुणा करून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

आयआयएसटीच्या याद्यांत नाव आलं नाही. जोसाच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एकीत शिबपूर आलं, एरोस्पेस.

आता पेच असा, की राज्याच्या कॅपची पहिली यादी तोवर लागलेलीच नव्हती. ती जुलैच्या अखेरीस. सांगलीचं मेकॅनिकल मिळण्याजोगं होतं, फी जवळजवळ माफ, घरापासून रात्रीत पोचता येईल एवढं अंतर. दुसरीकडे हावड्याजवळचं शिबपूर. भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळखीचं कुणी नाही. आई म्हणाली, "मॅडम, पोरगी आजारी पडली तर मी कुठं धावू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी देण्याचा प्रयत्नही केला नाही. संस्थेची माहिती मात्र दिली: १८५६ पासून चालत आलेलं सरकारी अभियांत्रिकी शिक्षण, २०१४ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा, आवारातच मुलींचं वसतिगृह.

पैशाचं गणित मांडलं. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. तिच्यात केंद्र सरकारच्या संस्थांतल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळतं, आणि कमी उत्पन्नाच्या घराला व्याजात सवलत. राज्याची फीमाफी परराज्यात मिळणार नव्हती, म्हणजे शिबपूर सांगलीपेक्षा महागच पडणार होतं. पण खासगी एरोस्पेसच्या मानाने ते या घराच्या आवाक्यात होतं.

बोलणं दोन रात्री चाललं असं वडिलांनी नंतर सांगितलं. निर्णय शेवटी आईनेच फिरवला. तिने मुलीला विचारलं, सांगलीला गेलीस तर चार वर्षांनी पुन्हा हेच शिकायला बाहेर जाशील का? मुलगी हो म्हणाली. "मग आत्ताच जा," आई म्हणाली. वडिलांनी पुण्याहून हावड्याला जाणाऱ्या आझाद हिंद एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं.

पुढचं

मुलगी शिबपूरला आहे. पहिल्या सत्रात वर्गात इंग्रजीचा वेग आणि गणित दोन्ही जड गेलं, आणि ती तसं मोकळेपणाने सांगते. उड्डाण यांत्रिकीचा विषय पुढच्या वर्षांत येईल. तोवर तिने आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरची व्याख्यानं बघायला सुरुवात केली आहे आणि विमानाचं छोटं प्रारूप उडवण्याच्या विद्यार्थी गटात नाव दिलं आहे.

तिच्याच गल्लीतला एक मुलगा आता बारावीला आहे. त्यालाही "एरोस्पेस" हवं आहे. त्याला तोच पहिला प्रश्न विचारला, तेव्हा तो वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानाबद्दल बोलायला लागला: सांधा तडकतो का, उष्णतेने पत्रा का वाकतो. त्याच्या यादीत सांगलीचं मेकॅनिकल आणि एनआयटींचं धातुशास्त्र वर येईल असं मला वाटतं, आणि वालचंदनगरचा कारखाना त्याला एकदा दाखवायची माझी इच्छा आहे. त्याच्या आजोबांच्या दाखल्यावरचं आडनाव तपासून झालं आहे. केंद्राच्या नमुन्यातला दाखला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढायचा आहे.